वहीतला हिशेब आणि हातातला मोबाईल

(इब्रामपूर येथे स्वयंसाहाय्य गटांच्या पदाधिकाऱ्यांसमोर प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



गावचा पुष्कळसा कारभार बिनपगारी माणसांच्या खांद्यावर चालतो. भजनी मंडळाचा चिटणीस, युवक मंडळाचा खजिनदार, स्वयंसाहाय्य गटाची सचिव ही माणसे घरचे काम आटोपून रात्री वह्या लिहीत बसतात. आज त्यांच्यापुढे एक नवे काम येऊन उभे राहिले आहे. त्याविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत.

गटाच्या बैठकीत हिशेबाची वही मोठ्याने वाचली जाते. ज्या आजीला अक्षरओळख नाही, तिलाही आपली बचत किती आणि कोणाकडे किती कर्ज आहे, हे कानांनी कळते. गटाची पत या वाचनावर उभी आहे. १९९२ साली नाबार्डने ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक उपक्रम हाती घेतला, तेव्हा गटांकडे तारण ठेवण्यासारखे काही नव्हते. नियमित बैठक, नियमित बचत आणि चोख वही, हेच त्यांचे तारण ठरले.

पुढे काळ बदलला. २०१५ साली नाबार्डच्या ‘ई-शक्ती’ प्रकल्पाने महाराष्ट्रातील धुळे आणि झारखंडमधील रामगढ या जिल्ह्यांत गटांचे हिशेब संगणकावर नेण्यास प्रारंभ केला. २०१६ साली यूपीआय आले आणि पैसे मोबाईलवरून देता-घेता येऊ लागले. बँकेची खेप वाचली, बेरजेची चूक टळली. ही सोय निःसंशय चांगली आहे.

परंतु समजा, एखाद्या सचिव बाईंना ॲप उघडता येत नाही. त्या मोबाईल पुतण्याच्या हाती देतात आणि पिनही सांगून टाकतात. महिनाभराने हिशेब कोठे आहे असे विचारले, तर उत्तर मिळते, “तो पोराला ठाऊक.” पुतण्या प्रामाणिक असेलही, पण दहा-बारा जणींचे पैसे आता त्यांच्या डोळ्यांआड गेले. वही सर्वांची होती, मोबाईल एकाचा झाला. खरा धोका येथे आहे.

यावर उपाय म्हणून आपण प्रशिक्षण वर्ग भरवतो. २०१७ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात मार्च २०२४ अखेर सहा कोटींहून अधिक ग्रामीण नागरिकांना प्रशिक्षण मिळाले. काम मोठे झाले. तथापि तो अभ्यासक्रम वीस तासांचा होता आणि ॲपचे रूप तर दर काही महिन्यांनी बदलते. वर्गात शिकलेले घरी अडते, तेव्हा विचारावे कोणाला? महाराष्ट्रात १९५९ साली साताऱ्यातून सुरू झालेल्या ग्राम शिक्षण मोहिमेचा अनुभवही असाच बोलका आहे. गावच्या शिकलेल्यांनी न शिकलेल्यांना अक्षरे शिकवली. पण जेथे पुढे वाचन चालू राहिले नाही, तेथे ती अक्षरे पुसली गेली.

म्हणून माझी विनंती आहे की, शेजारच्या चार-पाच गटांच्या सचिवांनी व खजिनदारांनी आपले एक शिक्षण मंडळ करावे आणि महिन्यातून एकदा दोन तास एकत्र बसावे. महाराष्ट्रात ‘माविम’च्या लोकसंचालित साधन केंद्रांनी गटांना एकत्र आणून परस्परांच्या आधाराने कारभार करण्याची वाट दाखवली आहे. आपल्यालाही ते अवघड नाही. भजनात पखवाजाचा ठेका आपण व्याख्यान ऐकून शिकलो नाही, शेजारी बसून शिकलो.

मंडळाने काही पथ्ये मात्र पाळावीत. शिकणारीचा मोबाईल शिकणारीच्याच हातात राहावा. शिकवणारीने बोटाने दाखवावे, पण स्वतः दाबू नये. बैठकीचा आरंभ “या महिन्यात कोणाचे काय चुकले?” या प्रश्नाने व्हावा. चूक सांगणारीला कोणी हसू नये, कारण तिच्या एका चुकीतून चार गट वाचतात. वहीतील आणि ॲपमधील आकडे सलग तीन महिने जुळेपर्यंत वही बंद करू नये. प्रत्येक गटात हे काम किमान दोघींना यावे. पिन व ओटीपी कोणालाही सांगू नये. पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागत नाही. तो मागणारा फसवतो आहे असे समजावे. फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे.

शिक्षकांनी या मंडळाला शाळेची खोली आणि अडल्यावेळी मदत द्यावी. अध्यक्षाची खुर्ची मात्र घेऊ नये. अधिकारी बंधूंनी नवे ॲप देताना सूचना सोप्या मराठीत द्याव्यात आणि सरावाला अवधी द्यावा. ३० मे २०२५ रोजी, घटक राज्य दिनी, गोवा पूर्ण साक्षर राज्य म्हणून घोषित झाले. ज्या ‘उल्लास’ कार्यक्रमातून हे घडले, त्यात डिजिटल साक्षरतेचाही समावेश आहे आणि त्याचा भार स्वयंसेवकांनीच उचलला आहे. तेच बळ येथे उपयोगी पडावे.

भगिनींनो, पुढच्या बैठकीत एवढेच करा. मोबाईलमधला हिशेब उघडा आणि पूर्वी वही वाचत होता तसा तो मोठ्याने वाचा. ज्या आजीला पडद्यावरचे दिसत नाही, तिने ऐकून “बरोबर आहे” असे म्हटले की, त्या दिवशी तुमचा गट खऱ्या अर्थाने नव्या युगात आला असे मी मानीन.

जय हिंद!