बाळ-बाळंतीण सुखरूप



घरात बाळ जन्मलं की एक निरोप गावोगाव जातो : बाळ-बाळंतीण सुखरूप. पूर्वी तो तारेनं जायचा, आता मोबाइलवर जातो. आज मला या निरोपातल्या शेवटच्या शब्दाबद्दल बोलायचं आहे. ‘सुखरूप’ हे कुणी ठरवलं आणि केव्हा? बहुतेक वेळा ते बाळंतपणाच्या दिवशीच ठरतं, आणि ठरवणारी बाळंतीण नसते.

आधी समाधानाची गोष्ट सांगतो. २००४-०६ या काळात आपल्या देशात एक लाख जिवंत जन्मांमागे २५४ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ९७ वर आला, महाराष्ट्रात तर ३३ वर. दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचा यात मोठा वाटा आहे. पण वाचलेल्या बाईचे पुढचे दिवस कसे गेले, हे या आकड्यांत कुठेच दिसत नाही.

ते पाहायला कुणीतरी तिच्या घरी जावं लागतं. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ते केलं. १९९५-९६ साली ३९ गावांतल्या ७७२ बायकांकडे गावातल्याच आरोग्यसेविकांनी लक्ष ठेवलं. बाळंतपण चालू असताना त्या हजर राहिल्या आणि नंतर २८ दिवसांपर्यंत घरी जात राहिल्या. प्रत्यक्ष प्रसूतीच्या वेळी सुमारे १८ टक्के बायकांना त्रास झाला. नंतरच्या दिवसांत तो जवळजवळ ४३ टक्के बायकांना झाला. स्तनांची दुखणी, पुन्हा सुरू झालेलं रक्त जाणं, जंतुसंसर्ग, उडालेली झोप. सगळ्यांनी सुस्कारा टाकल्यानंतर हे सुरू होत होतं.

हे झालं शरीराचं. मनाचं काय? गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हापशाच्या रुग्णालयात नाव नोंदवलेल्या २७० गर्भवतींचा मागोवा घेतला. २००२ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्यानं गाठलं होतं. त्यांतल्या बहुतेकींचं मन गरोदरपणातच खचलेलं होतं. कारणं पाहा : घरातली ओढाताण, नवऱ्याची मारहाण, आणि मुलाची वाट पाहणाऱ्या घरात झालेली मुलगी. बाळंतिणीचं मन केवळ तिच्या आतल्या बदलांनी मोडत नाही, घरही ते मोडतं. आणि अशा मातांची बाळं सहा महिन्यांची झाली तेव्हा वजनात मागे पडलेली आढळली. बाळाची काळजी असणाऱ्यांनी तरी आईकडे पाहावं, याला आणखी कोणता पुरावा हवा?

आपल्या परंपरेला यातलं काही कळलं होतं. सव्वा महिना बाळंतिणीनं उठायचं नाही, अंगाला तेल, शेक, डिंकाचे नि अळिवाचे लाडू. आजचं वैद्यकही सूतिकाकाळ बेचाळीस दिवसांचाच मानतं. पण ही विश्रांती मिळते कुणाला? ऊसतोडीच्या फडावर बाळंत झालेलीला सव्वा महिना कोण देणार? आणि ज्या घरात तो मिळतो, तिथेही लाडू मिळतात, बोलायला माणूस मिळतंच असं नाही. “रडू नकोस, दूध आटेल,” एवढं म्हटलं की संवाद संपतो.

मग करायचं काय? वाट याच अभ्यासांनी दाखवली आहे. गडचिरोलीच्या कामातून घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत उभी राहिली आणि २०११ पासून ती देशभर सरकारी कार्यक्रम झाली. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरीही आशाताई बेचाळीस दिवसांत सहा वेळा जाते. गोव्यातच पुढे एक प्रयोग झाला. नैराश्यात असलेल्या गर्भवतींना वस्तीतल्याच, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या बायकांची सोबत दिली. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी, ज्यांना अशी सोबत नव्हती त्यांच्यापेक्षा यांच्यात नैराश्यातून बाहेर आलेल्या बायका जास्त होत्या. हा आजार बरा होतो, आणि सुरुवात शेजारणीपासून होऊ शकते.

उंबरा ओलांडून आत जाणारी बाई आपल्याकडे आहे. बाळाचं वजन करून झालं की तिनं आईला दोन प्रश्न विचारावेत : गेल्या महिन्यात सारखं उदास वाटलं का? कशातच मन लागत नाही, असं झालं का? आणि उत्तर ‘हो’ आलं तर पुढे पाठवायला तालुक्याला माणूस असावा. ही मागणी मी शासनाकडे करतो. पण हेच दोन प्रश्न सासूबाई, आई आणि नवरासुद्धा विचारू शकतो. तेवढ्यासाठी कुठल्याही आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

तुमच्या घरी पुढच्या वेळी पाळणा हलेल, तेव्हा आनंदाचा निरोप जरूर पाठवा. मात्र सव्वा महिन्यानं तिच्याजवळ निवांत बसा आणि तिला विचारा. सुखरूप आहे, हे तिनं स्वतः सांगितलं की मगच तो निरोप पुरा झाला असं समजा.