ब्लॉकचेनचा स्वीकार : यंत्राआधी विश्वास



‘ब्लॉकचेन’ हा शब्द आता शासकीय कार्यालयांतूनही ऐकू येतो. सोप्या भाषेत सांगावयाचे तर ही नोंदींची सामाईक वही होय. तिची प्रत निरनिराळ्या सहभागी संस्थांजवळ असते आणि प्रत्येक पान मागील पानाशी गणिती खुणेने जोडलेले असते. त्यामुळे एकाने गुपचूप खाडाखोड केल्यास ती इतरांच्या ध्यानात येते. २००९ मध्ये बिटकॉइनबरोबर हे तंत्र प्रत्यक्ष वापरात आले.

इतके उपयुक्त तंत्र स्वीकारण्यास संस्था का कचरतात? ‘ट्रेडलेन्स’चे उदाहरण बोलके आहे. जहाजी मालाच्या कागदपत्रांसाठी मर्स्क ही डेन्मार्कची जहाज कंपनी आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये ही व्यवस्था उभारली. तंत्र तयार होते. परंतु सूत्रे एका प्रतिस्पर्ध्याच्या हाती असल्याने इतर जहाज कंपन्या प्रथम बिचकल्या. पुढे काही मोठ्या कंपन्या सामील झाल्या, तरी संपूर्ण उद्योगाचे सहकार्य मिळाले नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती बंद करण्याची घोषणा झाली.

म्हणजेच सूत्रे कोणाकडे, खर्च कोणाचा व लाभ कोणाला, हे प्रश्न प्रथम येतात. त्यानंतर वरिष्ठांचा पाठिंबा, प्रशिक्षित कर्मचारी आणि जुन्या दप्तराशी मेळ. कायद्याचाही विचार हवा. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात माहिती दुरुस्त करून वा पुसून घेण्याचा हक्क नमूद आहे. न पुसता येणाऱ्या वहीत खाजगी माहिती थेट लिहिणे म्हणूनच इष्ट नव्हे.

आपल्या राज्यातही, गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे, २०२२ मध्ये सुमारे ६५ हजार जातप्रमाणपत्रांसाठी या तंत्राचा उपयोग हाती घेण्यात आला. बनावट दाखला ओळखता यावा, हा हेतू स्पष्ट होता. मात्र दाखल्यात नंतर फेरफार झाला की नाही, एवढेच ब्लॉकचेन सांगते. मूळ चौकशी बरोबर होती की नाही, हे ती सांगू शकत नाही. चुकीची नोंद झाली तर तीही तितक्याच भक्कमपणे जपली जाते, आणि तिचा भुर्दंड गरीब अर्जदारास सोसावा लागतो.

म्हणून असा प्रस्ताव आपल्यापुढे येईल तेव्हा तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात : ही वही अनेक संस्थांना खरोखर लागते काय? मूळ नोंद कोण तपासणार? चूक झाल्यास नागरिकाने कोणाकडे जावे? यांची उत्तरे लेखी मिळाल्यावरच पुढचे पाऊल टाकावे, ही विनंती.