स्नेह आणि राग : रसायनशास्त्रातील दोन शब्द
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



मराठीच्या प्राध्यापकाने रसायनशास्त्रावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु माझा विषय शब्दांचाच आहे. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टोफर इंगोल्ड यांनी 1933 साली ‘न्यूक्लिओफाइल’ आणि ‘इलेक्ट्रोफाइल’ या दोन संज्ञा प्रचारात आणल्या. मराठीत त्यांना केंद्रकस्नेही आणि इलेक्ट्रॉनस्नेही म्हणता येते. हिंदी माध्यमात शिकणारी आपली ग्वाल्हेरची मुले मात्र ‘नाभिकरागी’ आणि ‘इलेक्ट्रॉनरागी’ असे शब्द वाचतात. घरी राग म्हणजे संताप, आणि पुस्तकात राग म्हणजे ओढ! संस्कृतातील राग म्हणजे रंग, आसक्ती. मराठीत तो अर्थ ‘अनुरागा’त उरला, आणि गायनातल्या रागाचे मूळही तेच. ‘स्नेह’ या शब्दाच्या मुळाशी चिकटण्याची कल्पना आहे. म्हणून तेलालाही स्नेह म्हणतात. या विषयाला तो शब्द फार नेमका बसतो.

कारण येथे चिकटण्याचाच व्यवहार आहे. ज्याच्यापाशी देण्याजोगी इलेक्ट्रॉनांची जोडी आहे, तो केंद्रकस्नेही. पाणी आणि अमोनिया ही त्याची परिचित उदाहरणे. ज्याला इलेक्ट्रॉनांची उणीव आहे, तो इलेक्ट्रॉनस्नेही. एक दाता, दुसरा याचक. दात्याची जोडी याचकाकडे वळते आणि नवा बंध जुळतो. सेंद्रिय रसायनातील असंख्य विक्रिया या एका सूत्राने उलगडतात.

या स्नेहाला चांगले-वाईट कळत नाही, हे आपल्या प्रदेशाने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात मेथिल आयसोसायनेट हे संयुग वापरले जात असे. त्यातील एक कार्बन अणू नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यामध्ये सापडलेला असतो. दोघेही इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतात, आणि तो कार्बन अतिशय याचक बनतो. त्याला नॅफ्थॉलचा ऑक्सिजन भेटला की ‘सेव्हिन’ हे कीटकनाशक तयार होते. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री मात्र त्याला पाणी भेटले. 610 क्रमांकाच्या टाकीत सुमारे 40 टन मेथिल आयसोसायनेट होते. पाणी तेथे कसे शिरले, यावर पुढे वाद झाले. परंतु विक्रियेने प्रचंड उष्णता निर्माण झाली, दाब वाढला आणि विषारी वायू निजलेल्या वस्त्यांवर पसरला. डोळ्यांतील व फुप्फुसांतील ओलावा आणि प्रथिने हेही दातेच. तो याचक त्यांनाही जाऊन चिकटला. मध्य प्रदेश शासनाने 3,787 मृत्यू मान्य केले. पीडितांच्या संघटनांचे आकडे याहून पुष्कळ मोठे आहेत.

श्रोतेहो, टाकीत शिरून अनर्थ करणारे पाणीच तोंडावरच्या ओल्या फडक्यात असते, तर त्याने काही अंशी तरी रक्षण केले असते. कारण वायू फुप्फुसांत पोहोचण्यापूर्वी त्याचा काही भाग त्या पाण्यातच अडकला असता. एवढे साधे ज्ञान त्या वस्त्यांपर्यंत त्यांच्या भाषेत कोणी पोहोचवले नव्हते. माणसे वायूबरोबरच, वाऱ्याच्या दिशेने धावली.

आपल्या ग्वाल्हेरातच संरक्षण संशोधन व विकास आस्थापनेत विषारी रसायनांपासून बचावाचे संशोधन चालते. तेथील ज्ञान तज्ज्ञांच्या भाषेत असणार, हे ओघानेच आले. ते आपल्या अंगणापर्यंत आणायचे, तर शब्द हवेत आणि ते शब्द वाचणारी माणसे हवीत. शंभर वर्षे या ग्रंथालयाने कथा-कादंबऱ्या आणि काव्य जपले, याचा आपणां सर्वांस अभिमान आहे. पुढील शतकात त्याच कपाटांत मराठीतील विज्ञानग्रंथांनाही मानाची जागा मिळावी, आणि आपल्या नातवंडांनी ते घरी नेऊन वाचावेत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.