कुंपणाच्या आतले झाड



आजचा विषय फलकावर वाचून काही मंडळींच्या भुवया वर गेल्या असतील, तर त्यात नवल नाही. अंगणात गांजाचे झाड लावणे हा काही वसंत व्याख्यानमालेचा नेहमीचा विषय नव्हे. म्हणून आरंभीच सांगतो की, गांजाची भलावण करावयास आम्ही उभे नाही. आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने हे झाड लावणे गुन्हा ठरविले आहे आणि त्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. आम्हाला बोलावयाचे आहे ते दक्षिण आफ्रिकेविषयी. तेथील सर्वोच्च घटना-न्यायालयाने १८ सप्टेंबर २०१८ रोजी एकमताने निकाल दिला की, सज्ञान माणसाने स्वतःच्या सेवनापुरते हे झाड खाजगी जागेत लावले, तर त्याला गुन्हेगार ठरविता येणार नाही. या निकालाचा आधार औषधाचा नव्हता, धर्माचाही नव्हता. तो खाजगीपणाच्या हक्काचा होता. हा हक्क उघड्या आभाळाखाली कितपत टिकतो, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

तेथे या झाडास 'दाखा' म्हणतात. त्याच्या बंदीच्या इतिहासात पहिल्याच पानावर आपलीच माणसे आढळतात. नाताळच्या उसाच्या मळ्यांवर हिंदी मजुरांचे पहिले जहाज १८६० साली लागले, आणि १८७० च्या कायद्याने या मजुरांना गांजा ओढणे, बाळगणे, विकणे, इतकेच काय, कोणी तो त्यांना भेट देणेही मना झाले. बंदी झाडावर नव्हती, ओढणाऱ्या माणसावर होती. साऱ्या देशाला लागू होणारी बंदी पुढे १९२२ साली आली.

आता खटल्याकडे येऊ. गॅरेथ प्रिन्स हे कायद्याचे पदवीधर, पंथाने रास्ताफारी. या पंथात गांजा ओढणे हा उपासनेचाच भाग. गांजा बाळगल्याबद्दल त्यांना पूर्वी शिक्षा झाली होती, आणि पुढेही ओढणार असे त्यांनी स्वच्छ सांगितले. वकिलांच्या संस्थेने त्यांना दार बंद केले. ते धर्मस्वातंत्र्याच्या आधाराने न्यायालयात गेले आणि २००२ साली पाच विरुद्ध चार अशा एका मताने हरले. सोळा वर्षांनी तेच गृहस्थ, इतरांसह, खाजगीपणाच्या हक्कावर उभे राहिले आणि जिंकले. धर्माला जे साधले नाही ते घराच्या भिंतीला साधले, ही आम्हाला या प्रकरणातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट वाटते. तिचे कारण त्या देशाच्या इतिहासात आहे. वर्णभेदाच्या राजवटीत गोऱ्या आणि काळ्या माणसांच्या शरीरसंबंधांना कायद्याने बंदी होती, आणि तो गुन्हा पकडण्यासाठी पोलीस रात्री लोकांच्या निजावयाच्या खोलीत शिरत. ज्यांनी ते सोसले, त्यांच्या राज्यघटनेत चौदावे कलम खाजगीपणाचे असावे, हे स्वाभाविकच आहे.

परंतु निजावयाची खोली आणि अंगण यांत फरक आहे. खोलीस दार लावता येते. झाडाला ऊन लागते, वारा लागतो, आणि वाढू दिले तर ते पुरुषभर उंचीच्याही वर जाते. केपटाउनसारख्या शहरात ते कसे वाढते, हे पाहू. तेथील ऋतू आपल्या उलटे. बी सप्टेंबर-ऑक्टोबरात पडते, डिसेंबरपर्यंत दिवस मोठा असतो तोवर पाने धरतात, आणि दिवस लहान होऊ लागला की फुलोरा येतो. पीक मार्च-एप्रिलमध्ये हाती लागते. याच महिन्यांत आग्नेयेचा सोसाट्याचा वारा सुटतो. पाऊस मात्र तिकडे हिवाळ्यात पडतो, म्हणजे ऐन वाढीच्या दिवसांत आभाळ कोरडे. हा निकाल आला त्याच वर्षी, फेब्रुवारी २०१८ पासून, शहरात माणशी रोज पन्नास लिटर पाण्याची मर्यादा होती. अशा ठिकाणी ज्याला बाग राखावयाची आहे तो मातीवर गवताचे आच्छादन घालतो आणि आंघोळीचे पाणीही वाया जाऊ देत नाही.

केप फ्लॅट्सची माती म्हणजे बहुतांशी वाळूच. तिच्यात पाणी ठरत नाही आणि खतही ठरत नाही. रासायनिक खताची मूठ टाकली तर ती पाण्याबरोबर खाली निघून जाते. म्हणून कुजलेले शेणखत, स्वयंपाकघरातील काडीकचऱ्याचे खत, गांडूळखत यांवरच भर द्यावा लागतो, आणि समुद्र जवळ असल्याने किनाऱ्यावर येणाऱ्या शेवाळाचे खतही मिळते. पाने धरण्याच्या काळात नत्र लागते. फुलोऱ्याच्या वेळी ते आवरून हाडांचा चुरा, थोडी राख असे स्फुरद-पालाशाचे खाणे द्यावे लागते. आपल्याकडे वांगी-मिरची लावणाऱ्या गृहिणीस यात नवे काही नाही. सेंद्रिय खताचा आग्रह येथे केवळ हौसेचा नाही. हे झाड मातीतील कॅडमियम, शिसे यांसारखे जड धातू ओढून घेते, आणि घरच्या पिकाला तपासनीस नसतो. जमिनीत जे घालाल तेच छातीत जाणार.

आता वाऱ्याचा प्रश्न. या जातीत नर झाड वेगळे, मादी वेगळे. नराचा पराग मादीवर पडला की फुलोरा बियांनी भरतो आणि गांजा हलका होतो. इंग्रजी अमदानीत बंगालच्या नौगाव भागात नर झाडे ओळखून उपटणारा खास माणूस असे. त्याला पोद्दार म्हणत. १८९३-९४ च्या सरकारी आयोगाने या धंद्याची चौकशी केली होती. केपचा घरमालक आज स्वतःच पोद्दार झाला आहे. पण त्याने आपली नर झाडे उपटली तरी शेजाऱ्याच्या नराचा पराग कुंपण मानीत नाही. उलट याच्या फुलोऱ्याचा उग्र वास शेजाऱ्याच्या ओसरीवर जातो. उंची लपविता येते: शेंडा खुडा, फांद्या वाकवून बांधा, पुढे घेवड्याचा वेल चढवा. वासाला वेल पुरत नाही. निकालाने सार्वजनिक जागी, मुलांसमोर, किंवा ज्यांची संमती नाही अशा मोठ्या माणसांसमोर ओढण्यास मनाई केली आहे. धुराचा विचार झाला, फुलाचा झाला नाही. ज्या शेजारणीच्या घरात दम्याचे माणूस आहे, तिच्या खाजगीपणाचे काय, असे कोणी विचारले तर तो प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

झाडे किती लावावीत, हा आकडा न्यायालयाने स्वतः ठरविला नाही. तो संसदेवर सोडला. दरम्यान हे झाड घरापुरते की धंद्यापुरते, हे एकूण परिस्थिती पाहून पोलिसाने ठरवावयाचे. म्हणजे ज्या पोलिसाला अंगणाबाहेर ठेवावयाचे, त्यालाच पुन्हा अंगणात मोजणीस बोलावले! आणखी एक गंमत अशी की, विक्री गुन्हाच राहिली. झाड लावण्याचा हक्क मिळाला, पण पहिले बी दुकानातून विकत घेण्याची सोय निकालाने केली नाही.

पण आमचा मुख्य आक्षेप याहून वेगळा आहे. खाजगी जागा म्हणजे केवळ राहते घर नव्हे, एवढी उदारता न्यायालयाने दाखविली, हे खरे. तरीही खाजगी जागा मुळात असावी तर लागते. केपटाउनच्या टेकडीलगत ज्याचा बंगला आहे त्याला उंच भिंत आहे, माळी आहे, ऊन आहे. त्याच शहरातील खायेलित्शा वस्तीत पत्र्याची खोली पत्र्याच्या खोलीला टेकलेली. तेथे झाड लावावयाचे कुठे आणि लपवावयाचे कशाआड? मुंबईच्या चाळीत ज्यांनी संसार केला त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. आपल्याही सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्याचा गांजाशी संबंध नाही, पण ज्याच्या दाराला कडी नाही त्याने तो हक्क कसा भोगावयाचा, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

आणि पूर्वेला पोंडोलँड आहे. तेथील डोंगरउतारावरची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या मक्याच्या जोडीला दाखा लावीत आली. मका घरात खाण्यासाठी, दाखा विकण्यासाठी; मुलांच्या शाळेची फी आणि गणवेश त्यातूनच निघत. खाजगी सेवनासाठीच्या गांजाचा कायदा संसदेने केला आणि राष्ट्राध्यक्ष रामाफोसा यांनी त्यावर २८ मे २०२४ रोजी सही केली. दुसऱ्याच दिवशी मतदान होते. त्या कायद्याच्या नावातच 'खाजगी' हा शब्द आहे. ज्यांनी हे झाड शंभर वर्षे बंदीतून जगविले त्या पोंडोलँडच्या बायकांना त्यातून विक्रीचा हक्क मिळालेला नाही. शेत उघड्या डोंगरावर, कुंपण काट्यांचे, आणि पीक बाजारासाठी. केपच्या बंगलेवाल्याला जे मोकळे झाले, ते त्यांनी विकावयास काढले की आजही गुन्हाच आहे.