घाबरलेला माणूस खरं सांगत नाही



आज आपण दिल्लीत, कस्तुरबा गांधी मार्गावर जमलो आहोत. नवं महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे, त्यामुळे दिल्लीला येणाऱ्या मराठी माणसाला हा रस्ता परका नाही. याच्या एका टोकाला कॅनॉट प्लेस आहे. तिथं बँका, विमा कंपन्या, टार्गेट आणि महिनाअखेर. दुसऱ्या टोकाला इंडिया गेटजवळ राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे. ते २०१९ मध्ये खुलं झालं आणि त्याच्या भिंतींवर पंचवीस हजारांहून जास्त जवानांची नावं कोरलेली आहेत.

माझी नोकरी दुसऱ्या टोकाची. निवृत्तीनंतर काही वर्षं पहिल्या टोकाच्या एका कंपनीतही काढली. तिथं सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेब विचारायचे, "झालं का?" आणि सगळे म्हणायचे, "होतंय सर." काहीच होत नसायचं. ते ऐकताना मला दरवेळी माझीच एक जुनी चूक आठवायची. तीच आज सांगतो.

मी तेव्हा कॅप्टन होतो. पंधरा हजार फुटांवरच्या एका ठाण्यावर कंपनीचा ताबा माझ्याकडे होता. पोरं बहुतेक सातारा, कोल्हापूर, बेळगावकडची. चार दिवसांनी वरिष्ठांचं इन्स्पेक्शन होतं. संध्याकाळच्या हजेरीला मी आवाज चढवून सांगितलं, "इन्स्पेक्शन होईपर्यंत मला एकही माणूस आजारी दिसता कामा नये." मला वाटलं, मी कडक अधिकारी आहे. पुढचे दोन दिवस आजाऱ्यांची यादी कोरी आली. मी खूश.

तिसऱ्या रात्री सुभेदार साहेबांनी मला उठवलं. बावीस वर्षांचा एक जवान बुखारीजवळ बसून धापा टाकत होता. ओठ निळे पडले होते, खोकल्याबरोबर फेस येत होता. उंचीवर फुप्फुसांत पाणी भरतं, त्याची ही लक्षणं. त्यावर ऑक्सिजन द्यायचा आणि माणसाला लवकरात लवकर खाली न्यायचं. उशीर झाला तर माणूस काही तासांत जातो. पोराला दोन दिवसांपासून खोकला होता. शेजारच्या दोघांना माहीत होतं. कुणी बोललं नाही, कारण मीच सांगितलं होतं की आजारी दिसायचं नाही.

आठ जणांनी स्ट्रेचर उचललं. अंधारात, बर्फातून, पाळीपाळीनं खांदा देत आम्ही उतरलो. वाटेत सुभेदार साहेब मला हळूच म्हणाले, "साहेब, राग मानू नका. पोरं तुम्हाला घाबरतात. घाबरलेला माणूस खरं सांगत नाही."

पोरगा वाचला. पहाटे मी रेडिओ सेटवर सीओ साहेबांना घडलं ते सगळं सांगितलं, माझ्या हुकुमासकट. ते आधी म्हणाले, "पोरगा कसा आहे?" मग म्हणाले, "आता मला सांगितलंस तेच कंपनीला सांग."

ते फार जड गेलं. शंभरेक जणांसमोर उभं राहून मी म्हणालो, "चूक माझी होती. माझ्या भीतीनं तुम्ही गप्प राहिलात. यापुढं जो पहिल्यांदा सांगेल, त्याला मी शाबासकी देईन." त्या दिवशी सात जण पुढं आले. एकाचा बूट फाटला होता, दोघांना खोकला होता, एका बंकरची बुखारी धूर ओकत होती, एकाची आई गावाकडं अंथरुणाला खिळली होती. इन्स्पेक्शनला आजाऱ्यांची यादी लांब होती आणि मला चार शब्द ऐकावे लागले. पण माझी कंपनी खरोखर कशी आहे, हे मला त्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं.

आता कुणी म्हणेल, फौजेत तर हुकूम म्हणजे हुकूम. बरोबर आहे. गोळीबार सुरू असताना चर्चा होत नाही. पण त्या क्षणी जवान हुकूम मानतो, कारण आधीच्या महिन्यांत त्यानं बघितलेलं असतं की हा साहेब आपल्याशी खोटं बोलत नाही, आपण जेवल्यावर जेवतो. डेहराडूनच्या अकादमीत आम्हाला हेच शिकवलं गेलं. आधी देश, मग तुमची माणसं, आणि स्वतःची सोय सगळ्यात शेवटी.

खरं बोलणं वरच्या दिशेनंही जायला हवं. एप्रिल १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून निर्वासित येत होते आणि सरकारला लवकर कारवाई हवी होती. सेनाप्रमुख माणेकशा यांनी इंदिरा गांधींना सांगितलं, सैन्य आत्ता तयार नाही. पुढं पावसाळा आहे, तिकडच्या नद्या समुद्रासारख्या होतात, मला वेळ द्या. प्रसंगी पद सोडायचीही त्यांची तयारी होती, असं त्यांनी नंतर अनेकदा सांगितलं. पंतप्रधानांनी ऐकून घेतलं, याचंही श्रेय त्यांना द्यायला हवं. डिसेंबरमध्ये युद्ध झालं आणि तेरा दिवसांत संपलं. दबावाखाली "होतंय मॅडम" म्हटलं असतं तर किती जवान गेले असते, याचा विचार करा.

दुसरं उदाहरण इथून चालत जाण्याच्या अंतरावरचं. बाराखंबा रोडजवळ दिल्ली मेट्रोचं मुख्यालय आहे. मेट्रोचे तेव्हाचे प्रमुख ई. श्रीधरन आपल्याला कोकण रेल्वेमुळं आधीपासून माहीत. वेळेच्या बाबतीत अत्यंत कडक माणूस. कामाच्या जागी उलटी मोजणी करणारी घड्याळं लावलेली असायची. १२ जुलै २००९ रोजी झमरूदपूरला मेट्रोच्या बांधकामाचा भाग कोसळला आणि सहा जण मरण पावले. त्याच दिवशी श्रीधरन यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. तो स्वीकारला गेला नाही, हा भाग वेगळा. ठेकेदाराकडं बोट दाखवणं सोपं होतं. घड्याळ सगळ्यांना दिसेल असं लावणारा माणूस अपघाताच्या दिवशी स्वतः पुढं आला. म्हणून त्याचा कडकपणा लोकांना जाचला नाही.

आणि आपल्या घरचं उदाहरण. चिपळूणजवळ मुक्काम केलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पाठवलेलं पत्र जरूर वाचा. नुसता हुकूम सोडता आला असता. महाराज कारण समजावून सांगतात. दाणा-वैरण आत्ताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी मरतील. मग तुम्ही रयतेला त्रास द्याल आणि रयतेला आपल्यापेक्षा मोगल बरे वाटतील. रात्री दिवा जळता ठेवलात तर उंदीर वात पळवेल आणि गवताला आग लागेल. छत्रपती आपल्या माणसांना उंदीर आणि वातीपर्यंत कारण सांगतात, आणि आपल्याला मात्र टीमला एक ईमेल लिहून कारण द्यायला वेळ नसतो!

तुम्ही दोन माणसांचे प्रमुख असा की दोनशेंचे, तीन गोष्टी करून बघा. वाईट बातमी आणणाऱ्याचं पहिलं वाक्य पूर्ण ऐका आणि आधी "बरं झालं सांगितलंस" म्हणा. राग आला तर दहा मिनिटांनी बोला. कौतुक चारचौघांत करा, चूक दाराआड दाखवा. आणि तुमची चूक झाली असेल, तर ती मात्र चारचौघांत कबूल करा.

शेवटी या रस्त्याविषयी. याचं आधीचं नाव कर्झन रोड. कर्झन हुशार होता, कष्टाळू होता, पण १९०५ मध्ये बंगालची फाळणी त्यानं लोकांच्या विरोधाला न जुमानता लादली. नंतर या रस्त्याला कस्तुरबांचं नाव मिळालं. त्या २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेतच गेल्या. दक्षिण आफ्रिकेत असताना गांधीजींनी एकदा आपलं तत्त्व त्यांच्यावर जबरदस्तीनं लादलं आणि हात धरून त्यांना दारापर्यंत ओढत नेलं. कस्तुरबांनी तिथंच खडसावलं आणि गांधीजी शरमले. हे आपल्याला कळलं, कारण गांधीजींनीच ते आत्मकथेत लिहून ठेवलं. एवढ्या मोठ्या माणसाला दबावाची चूक कबूल करता आली, तर आपल्याला का येऊ नये?

तो जवान पुढं हवालदार होऊन निवृत्त झाला. दिवाळीला त्याचा फोन येतो. मी तब्येत विचारतो, तो हसतो आणि म्हणतो, "साहेब, आता खोकला आला तर लगेच सांगतो."

उद्या ऑफिसात गेल्यावर तुमच्या माणसांना एवढंच विचारा, "तुम्ही मला काय सांगायचं टाळताय?" आणि मग गप्प बसून ऐका.

जय हिंद.