भुईआवळी, कावीळ आणि हातचा वेळ



पाऊस पडला की बांधावर, परसात भुईआवळी उगवते. पानांखाली आवळ्यासारखी बारीक फळं, म्हणून हे नाव. आणि याच दिवसांत गावात काविळीचे पेशंटही दिसायला लागतात. मग एकच सल्ला ऐकू येतो, "भुईआवळी वाटून ताकातून द्या." आम्हीही तो कितीजणींना दिलाय. आज त्याबद्दलच बोलू या.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईच्या सुनेचे डोळे पिवळे झाले. सातवा महिना चालू होता. तीन दिवस घरीच पाला वाटून दिला. चौथ्या दिवशी ती असंबद्ध बोलू लागली, माणसं ओळखेना. आशाताईंनी १०८ ला फोन करून गाडी बोलावली. सून वाचली, पोटातलं बाळ गेलं. ताई अजून आम्हाला विचारतात, "मी काय वाईट दिलं होतं गं तिला?"

ताई, तुम्ही वाईट काही दिलं नव्हतं. पण हातचे तीन दिवस गेले.

कावीळ हा आजार नाही, ती यकृत, म्हणजे लिव्हर, दुखावल्याची खूण आहे. पावसाळ्यातली कावीळ बहुतेक वेळा घाण पाण्यातून येणाऱ्या 'ए' आणि 'ई' या विषाणूंनी होते. ती बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. त्या दिवसांत आपण पाला दिलेला असतो, म्हणून बरं केल्याचं श्रेय पाल्याला जातं. पण 'ई' कावीळ गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत झाली, तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. तिथे वाट पाहून चालत नाही.

मग या वनस्पतींत काहीच नाही का? तसंही नाही. प्रयोगशाळेत उंदरांना आधी भुईआवळी, कुटकी यांचा अर्क देतात आणि मग लिव्हर बिघडवणारं रसायन देतात. अर्क घेतलेल्या उंदरांचं लिव्हर कमी बिघडलं, असं बऱ्याचदा दिसलंय. पण तिथे अर्क मोजून दिलेला असतो, तोही बहुतेक वेळा इजा होण्याआधी. आपल्याकडे माणूस आधीच पिवळा झालेला असतो आणि पाला मुठीने मोजलेला असतो.

माणसांवरही अभ्यास झालाय. १९८८ साली चेन्नईच्या डॉक्टरांनी 'बी' काविळीचा विषाणू अंगात असलेल्या ३७ जणांना भुईआवळीची पूड दिली. २२ जणांच्या रक्तातली त्या विषाणूची खूण गेली. सगळ्यांनाच मोठी आशा वाटली. पण नंतर इतरांनी करून पाहिलं, तेव्हा तसा गुण आला नाही. म्हणून डॉक्टर आजही तिच्यावर एकटीवर विसंबत नाहीत.

आणि झाडपाला म्हणजे अपाय नाहीच, असंही नाही. कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांचं लिव्हर बिघडल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता. नेमकी वनस्पती कोणती होती हेच तपासलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. वाद बाजूला ठेवला तरी एवढं कळतं, की ओळख चुकली तर औषधही अंगावर येऊ शकतं.

तेव्हा मैत्रिणींनो, डोळे किंवा लघवी पिवळी दिसली की पहिलं काम, प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्यायचं. गरोदर बाई असेल तर त्याच दिवशी. सारखी उलटी, फार झोप, असंबद्ध बोलणं, रक्त येणं, पोट फुगणं, यातलं काही दिसलं तर थेट मोठ्या दवाखान्यात. घरी पाला किंवा काढा चालू असेल तर डॉक्टरांना सांगायचं, लपवायचं नाही. तापाच्या गोळ्या मनाने खायच्या नाहीत आणि दारू पूर्ण बंद. पिण्याचं पाणी खळखळ उकळायचं. बाळ जन्मलं की २४ तासांच्या आत 'बी' काविळीची लस टोचून घ्यायची.

भुईआवळीवरची माया सोडा, असं आम्ही म्हणत नाही. ती आपल्या आज्यांनी जपलेली ओळख आहे. फक्त आजारी माणूस आधी दवाखान्यात पोचू दे. पाल्याचं काय करायचं, ते तिथे विचारू.