दोन मोटरी आणि दोन मळसूत्रें

बुलढाणा जिल्ह्यांतील खामगांवचें नांव निघालें कीं जुन्या माणसांना कापूस आठवतो आणि नव्यांना चांदी. १८७० सालीं जलंबपासून खामगांवपर्यंत आगगाडीचा फांटा आला. पुढें सरकी काढण्याचे आणि गांठी दाबण्याचे कारखाने चालूं झाले, आणि कारखाना आला म्हणजे त्यामागोमाग फिटर आणि टर्नर हे येतातच. अशा गांवांतील एखाद्या सुताराच्या मुलानें घरच्या पडवींत कोरीवकामाचें स्वयंचलित यंत्र बांधावयास घेतलें आहे, अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. या यंत्राला लोक सी. एन. सी. म्हणतात. आंकड्यांच्या हुकुमानें चालणारें यंत्र, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स येथील प्रसिद्ध तंत्रविद्यालयांत असें यंत्र १९५२ सालीं प्रथम चालवून दाखविण्यांत आलें. त्या वेळीं हुकूम भोकें पाडलेल्या कागदी पट्टीवरून मिळत असत. आज तेंच काम तळहाताएवढी विद्युत्-पाटी करते.

या यंत्राची रचना समजण्यास कठीण नाहीं. खालीं पाटासारखी बैठक, बैठकीच्या दोन्ही कडांना पोलादी रूळ, आणि रुळांवर मागें-पुढें सरकणारी एक आडवी तुळई. तुळईवरून कोरणारें हत्यार डावीकडून उजवीकडे जातें व खालीं-वर होतें. तुळई ढकलतें तें मळसूत्र, म्हणजे आटे पाडलेली लांब कांब. कांब जागच्या जागीं फिरते, आणि तिच्यावरची चाकी तुळईला घेऊन पुढें जाते. कांबेला फिरविणारी मोटरही साध्या पंख्यासारखी गरगर फिरत नाहीं. ती टप्प्याटप्प्यानें फिरते. एका फेऱ्याचे टप्पे २००. एका फेऱ्यांत चाकी ५ मिलिमीटर सरकत असेल, तर एका टप्प्याला तुळई मिलिमीटरच्या चाळिसाव्या हिश्शानें सरकते. कोणत्याही कारागिराच्या हाताला इतका सूक्ष्म हिशेब साधावयाचा नाहीं.

यंत्र हातभर रुंदीचें असेपर्यंत बैठकीखालीं मधोमध एक मळसूत्र पुरतें. मुलानें पहिलें यंत्र तसेंच केलें आणि त्यावर देव्हाऱ्याच्या जाळ्या सुरेख निघाल्या. मग मंदिराच्या दरवाजाचें काम आलें, विसारही हातांत पडला, आणि त्यानें तीच रचना चार फूट रुंदीची केली. येथें घोटाळा झाला. घरांतील रुंद खण एका कोपऱ्याला धरून ओढला कीं तो तिरका होऊन अडकतो, हा अनुभव प्रत्येक गृहिणीला आहे. तेंच या तुळईचें झालें. हत्यार डाव्या टोकाशीं सागवानांत घुसलें म्हणजे विरोध डावीकडे आणि रेटा मध्यावर. तुळई केसभर वळते, आणि हत्यार उजवीकडे गेलें कीं उलट वळते. कोरलेला चौकोन पाहून बापानें त्यावर गुण्या ठेवला आणि म्हटलें, "बापू, हे गुन्यात नाही ना रे."

उपाय उघड आहे. तुळईच्या दोन्ही पायांना दोन स्वतंत्र मळसूत्रें लावावयाचीं. पण दोन मळसूत्रें आलीं म्हणजे त्यांनीं बरोबर फिरलें पाहिजे. वऱ्हाडच्या शेतकऱ्याला हें निराळें सांगावयास नको. तिफणीला जुंपलेल्या जोडींतील एक बैल पुढें ओढूं लागला कीं तास वांकडा जातो, मग दोन्ही बैल कितीही बळकट असोत.

मळसूत्रांची अशी जोडी जुंपण्याच्या रीति दोन. पहिलींत मोटर एकच. तिच्यापासून दांतेरी पट्टा दोन्ही मळसूत्रांवर फिरवावयाचा. पट्टा तुटत वा दांत सोडीत नाहीं तोंवर दोन्ही बाजूंत बेबनाव होऊं शकत नाहीं. पण सगळा भार एकाच मोटरीवर पडतो आणि लांब पट्ट्याला थोडा ताण येतोच. दुसरींत प्रत्येक मळसूत्राला आपली मोटर आणि प्रत्येक मोटरीला आपला चालक-संच. मात्र हुकूम दोघांना एकाच तारेवरून. जोर अधिक मिळतो म्हणून बहुतेक लोक ही रीत पत्करतात. मध्यम रुंदीच्या यंत्राला खरें म्हणजे पट्टाच अधिक निर्धास्त. परंतु तरुणांना दुसऱ्या मोटरीचा मोह आवरत नाहीं.

दोन मोटरींची अडचण अशी कीं, हुकूम जातो पण पावती परत येत नाहीं. साध्या टप्प्याच्या मोटरीला भार पेलला नाहीं तर ती टप्पे चुकते आणि कोणाला कळवीत नाहीं. चुकते तीही साधारणपणें चार-चार टप्प्यांच्या पटीनें. म्हणजे आपल्या यंत्रांत एका चुकीला मिलिमीटरचा दहावा हिस्सा. दहा वेळां चुकली कीं एक बाजू एक मिलिमीटर मागें, आणि संगणकाच्या लेखीं सर्व आलबेल. मोटर किती फिरली तें उलट कळविणारा मापक बसविलेल्या मोटरीही मिळतात. पण त्यांची किंमत जास्त.

दुसरा शत्रू वीज. काम अर्ध्यावर असतांना वीज गेली कीं दोन्ही मोटरींची पकड सुटते. ती परत आली म्हणजे प्रत्येक मोटर आपापल्या जवळच्या टप्प्यावर जाऊन बसते, आणि दोघींचा टप्पा एकच असेल याची हमी नाहीं. मधल्या काळांत कोणीं तुळईला धक्का दिला असला तर बोलावयासच नको. यासाठीं दोन्ही रुळांच्या मागच्या टोकाला एकेक लिमिट स्विच हवा. यंत्र चालूं करतांना तुळई मागें न्यावयाची. ज्या बाजूचा स्विच आधीं दाबला जाईल ती मोटर थांबेल, दुसरी आपल्या स्विचपर्यंत येईल, आणि तुळई पुन्हा काटकोनांत उभी राहील. दोन्ही बाजूंना मिळून एकच स्विच ठेवण्याची काटकसर महागांत पडते.

मळसूत्रें शक्यतों एकाच घडणीचीं घ्यावीं. बाजारांतील साधारण प्रतीच्या गोळ्यांच्या मळसूत्रांत ३०० मिलिमीटर लांबीमागें ०.०५ मिलिमीटर फरक चालवून घेतात. एक कांब थोडी अधिक आणि दुसरी थोडी उणी, असें झालें तर मोटरींनीं हुकूम तंतोतंत पाळूनही तुळई तिरपी होते. यंत्र खिडकीशीं ठेवूं नये, हेंही जातां जातां सांगितलें पाहिजे. वैशाखांतील ऊन एकाच कांबेवर पडून ती दुसरीपेक्षां दहा अंशांनीं तापली, तर चार फुटांत सुमारें ०.१४ मिलिमीटर वाढते. आणि लांबीचा लोभही बेतानें धरावा. कांबेची लांबी दुप्पट केली कीं ती दोरीसारखी झोलूं लागण्याचा वेग चौथाईवर येतो. आठ फुटांच्या यंत्राला म्हणूनच मळसूत्राऐवजीं दांतेरी पट्टी आणि तिच्यावर फिरणारें लहान दंतचक्र वापरणें बरें.

मुलानें दुसरें मळसूत्र, दुसरी मोटर आणि दोन स्विच बसविले. बापाला संगणकाचें ज्ञान नव्हतें, पण चौकट काटकोनांत आहे कीं नाहीं हें कर्ण मोजून पाहावयाचें, हें त्याला ठाऊक होतें. सागवानाची फळी बाजूला ठेवून त्यानें जुन्या प्लायवुडवर एक मीटरच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांना चार भोकें पाडावयास सांगितलीं आणि टेप लावली. मागच्या डाव्या कोपऱ्यापासून पुढच्या उजव्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण तीन मिलिमीटर लांब भरला. अर्थात् उजवी बाजू पुढें होती. मळसूत्रांमधील अंतर १२०० मिलिमीटर असल्यानें हिशेबानें ती सुमारें अडीच मिलिमीटर पुढें ठरली. मुलानें उजवा स्विच तेवढा मागें सरकविला. प्लायवुड उलटें टाकून पुन्हा चार भोकें पाडलीं, पुन्हा टेप लावली. या वेळीं दोन्ही कर्ण सारखे भरले, तेव्हां बापानें सागवानाची फळी उचलून बैठकीवर ठेवली.